रोवण्यातलं रक्त

"तुझे निरोगी लोक निरोगी नाहीत," असं म्हणत सरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

मी मुळात भांडखोर. मोठी आई, म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणते की या पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसूनच असतो, हाकलला तरी उडत नाही. त्यात हे 'निरोगी लोक' म्हणजे माझं गाव. लाखनीचा हायवे सोडून आत गेलं की तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, धरून वसलेलं, धानाशिवाय फारसं काही न पिकवणारं. पडद्यावर नुसते क्रमांक होते, पण ते रक्त मी स्वतः काढलेलं होतं. मला एकेका क्रमांकामागे दंड पुढे करून, मान दुसरीकडे वळवून बसलेला माणूस दिसत होता.

"सर, आमच्या गावचे लोक तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहेत," मी म्हटलं.

"असतील. पण त्यांचं रक्त तसं म्हणत नाही."

मी तेव्हा नागपूरला या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय सांगताना माझी अजून दमछाक होते. पचनमार्गाचे कॅन्सर, म्हणजे अन्ननलिकेचे, जठराचे, मोठ्या आतड्याचे. शरीरात कुठे जखम झाली, जंतू शिरला, सूज आली, की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. ते निरोप म्हणजे सायटोकाइन नावाची प्रथिनं. ती बनवायची कृती जनुकांत लिहिलेली असते आणि माणसामाणसात त्या कृतीतलं एखादं अक्षर वेगळं असतं. त्या एका अक्षरामुळे कुणाचं शरीर जास्त निरोप धाडतं का, आणि तसं असेल तर अशा लोकांत हे कॅन्सर जास्त दिसतात का, हे मला पाहायचं होतं.

बाबांना मी गावात मुनादी, म्हणजे दवंडी, देणाऱ्या कोतवालाचं उदाहरण दिलं होतं. कोतवालाचा आवाज जन्माचा. कुणाचा पहाडी, कुणाचा बसका. ते झालं जनुक. पण तो आज मुनादी देत फिरतो आहे की घरी झोपला आहे, हे गावात आज काय घडलं त्यावर ठरणार. ते झालं रक्तातलं प्रथिन. बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू नागपुरात राहून कोतवालाचा गळा तपासून राहिली." त्यानंतर त्यांनी गावभर माझी ओळख तशीच करून दिली.

आमच्याकडे उपचारासाठी येणारे बरेच रुग्ण भंडाऱ्याकडच्या धानपट्ट्यातले असायचे. त्यांच्याशी ताडून बघायला निरोगी माणसंही त्याच पट्ट्यातली हवीत. तोच तांदूळ, तेच पाणी, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेली घराणी. म्हणून मी छाती पुढे काढून सांगितलं होतं की माझं गाव देते. आणि आता त्या गावच्या रक्तात इंटरल्युकिन-सहा नावाचं प्रथिन इतकं चढलेलं दिसत होतं की आकड्यांत कितीतरी लोक रुग्णांच्या शेजारी जाऊन बसले होते.

"हा गट बाद करू," सर म्हणाले. "जवाहरनगरच्या क्वार्टरमधले लोक घेऊ. कारखान्याचे कर्मचारी, नियमित तपासणी होते. सोपं पडेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्वार्टरमधल्या लोकांशी माझं काही वाकडं नव्हतं. पण ते सरकारी नोकरीनं देशभरातून आलेले. एक केरळचा, शेजारी बंगालचा, वरच्या मजल्यावर बिहारचा. त्यांच्या जनुकांतला फरक जन्मगावाचा आहे की आजाराचा, हे कसं कळणार? हे मी सरांना सांगितलं, जरा मोठ्यानेच सांगितलं. सर चिडले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. मग कारण शोधून आण. पटलं तर तुझं गाव ठेवू. नाही पटलं तर बाद."

तो शब्द मला लागला. आमच्याकडे बाद होतं ते मत, बियाणं, फार तर टायर. अख्खं गाव बाद झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणायला नको म्हणून आधी मी माझंच काम तपासलं. रक्त काढलं ते रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना, भल्या सकाळी, लोक बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, उतरायच्या आत. उपाशीपोटी. गावच्या समाजमंदिरात सतरंजी टाकून. नळ्या बर्फाच्या डब्यात घालून त्याच सकाळच्या बसने लाखनी आणि तिथून नागपूर. ट्रकांच्या रांगेत बस अडकली तेव्हा मी तो डबा तान्ह्या पोरासारखा मांडीवर धरून बसले होते. प्रयोगशाळेत यंत्रात फिरवून रक्तरस वेगळा केला, गोठवला, सगळं रीतसर. प्रत्येकाला प्रश्नही रीतसर विचारले होते. काही आजार? काही औषध? घरात रक्ताच्या नात्यात कुणाला कॅन्सर?

या शेवटच्या प्रश्नानं माझ्या बाबांचा पत्ता कापला होता. त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, जठराच्या कॅन्सरनं गेलेले. म्हणून बाबा नकोत, मी नको. मोठी आई मात्र चालत होती, कारण ती दुसऱ्या गावाहून या घरात आलेली. बाबांना हे अजिबात पटलं नाही. "वहिनीचं रगत चालते अन् माहं चालत नाही? माहं का कच्चं आहे?" असं म्हणत ते समाजमंदिराच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला बसायची जागा दाखवत राहिले. मानच हवा होता, तो त्यांनी मिळवला.

कामात खोट सापडेना. रविवारी मी गावी गेले.

मोठी आई ओसरीवर पाय पसरून बसली होती आणि तळव्यांना वाटलेली मेंदी थापत होती. मी शेजारी टेकले, बोलता बोलता तिचा पाय मांडीवर घेतला आणि बघतच राहिले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून उलल्या होत्या, टाचेजवळ पू धरला होता, घोट्यापर्यंत सूज.

"हे केव्हापासून?"

"रोवना लागला तवापासून. दरसालीच रायते."

"ताप येते का?"

"ताप नाई. राती कसकस रायते थोडी. सकारी उठली का बरं वाटते."

"मंग मी विचारलं तेव्हा सांगतलं काहून नाही? काही बिमारी आहे का म्हणून विचारलं होतं ना तुले!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शिकून शिकून वेडी झाले. "चिखल्या का बिमारी होय वं? चिखल्या तं चिखल्या होय."

मी आधी चिडले आणि मग हसत सुटले. हसले ते स्वतःलाही. कारण रोवण्याच्या सुट्ट्यांत मीही दिवसभर चिखलात उभी राहिलेली. माझ्याही पायांना चिखल्या झालेल्या, माझ्याही आईनं मेंदी थापलेली. बाहेरून आलेल्या कुणी तो पाय पाहिला असता तर ताबडतोब लिहून घेतलं असतं. मी समोर बसून, खाली बघून, त्या पायांना पाय एवढंच म्हटलं. धानपट्ट्यात पावसाळ्यात पाय असेच असतात, यात लिहायचं काय?

त्या दिवशी मी दारोदार फिरले आणि लोकांना तळवे दाखवायला लावले. बायका लाजल्या, म्हाताऱ्यांनी विनोद केले. ज्यांच्या घरी जाऊ तिथे तेच. चिखल्या, बोटात घुसलेला काटा, विळ्याची चिघळलेली जखम. एवढ्या सगळ्या जखमांत शरीर निरोप धाडणार नाही तर काय करणार? कोतवाल बिचारा आपलं काम करत होता.

सोमवारी मी सरांपुढे उभी राहिले आणि सांगितलं, "सर, रक्त खोटं बोलत नव्हतं. लोकही खोटं बोलत नव्हते. आपला प्रश्न त्यांच्या भाषेत नव्हता."

सरांनी आकड्यांचा कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "जनुकांची तपासणी तशीच राहील, ती काही चिखलानं बदलत नाही. प्रथिनं मात्र परत मोजावी लागतील. पाय बरे झाल्यावर. ज्यांचे आकडे चढलेत त्यांचीच, साहित्य कमी आहे. पण तेच लोक परत रक्त देतील?"

"माझ्या गावाचं मी सांगते," मी म्हटलं. बढाईच ती. पण बढाई मारताना मला ती खरी वाटत होती.

दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, मी गावच्या आशाताईला, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीला, फोन करून ज्यांना परत बोलवायचं होतं त्यांना निरोप द्यायला सांगितलं. ती गुणाची बाई. एका सकाळी त्या सगळ्या घरी जाऊन आली. ती कोणत्या घरी थांबली आणि कोणत्या घरावरून पुढे गेली, हे मात्र गावानं नीट पाहून ठेवलं. दुपारपर्यंत गावात एकच बोलणं. ज्याचं रगत परत मागतलं, त्याच्यात निंगालं.

बाबांचा फोन आला. नेहमी फोनवर ओरडून बोलणारा माणूस हळू आवाजात बोलत होता. "पोरी, लोक म्हणतात तू कॅन्सरवाल्याइले बलावून राहिली. कोणी घरी चूल नाही पेटवली. तू ये."

मी निघाले. बसमध्ये मला सरांचा राग आला, साहित्याचा आला, स्वतःचा आला. गावात शिरले तेव्हा दोन बायका मला बघून आत गेल्या. मोठी आई घरीच होती. तिनं पाणी दिलं, चहा टाकला, काही विचारलं नाही. ती न विचारणाऱ्यांतली नव्हे. मी आले की बसचं भाडं किती लागलं इथपासून चौकशी सुरू व्हायची. आज तिनं कप माझ्यापुढे ठेवला आणि सुपातले तांदूळ निवडत बसली.

तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळला असं तेव्हा वाटलं, मोठ्या बाबांची आठवण. मोठे बाबा शेवटपर्यंत "काही नाही" म्हणत राहिलेले. पोट दुखे, तर म्हणत वायू आहे. ओवा चघळत. जेवण तुटलं तेव्हा म्हणाले उन्हाळा आहे. नागपूरला नेलं तोवर डॉक्टरांनी पोट उघडून तसंच शिवून टाकलं. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मोठ्या आईजवळ मी बसले होते. मी या विषयाकडे वळले त्याचं मूळही तिथंच आहे.

संध्याकाळी समाजमंदिरात लोक जमले. मी उभी राहिले. भाषणं मला येत नाहीत, भांडणं येतात, म्हणून मी भांडल्यासारखंच बोलले. सांगितलं की या आकड्यावरून कुणाला कॅन्सर आहे की नाही हे कळतच नाही. हा आकडा चढला तो तुमच्या पायांमुळे. चिखल्या, काटे, विळ्याच्या जखमा. तुम्ही मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता पाय बरे झालेत, म्हणून परत पाहिजे. आणि आता निवडक कुणाचं नको, सगळ्यांचंच द्या. साहित्य मी कुठूनही आणते.

मागून एक म्हातारा बोलला, "अन् नाई देतलं तं?"

"तर आपलं गाव बाद," मी म्हटलं. "मग धानपट्ट्यातल्या माणसांचं रक्त कसं असतं, हे दुसऱ्याच कुणाच्या रक्तावरून ठरवतील."

लोक उठून गेले. बाबा सतरंजी गुंडाळत म्हणाले, "बोलली तं बरी. पण आता त्याइच्या मनावर."

साहित्यासाठी मी सरांच्या इतकी मागे लागले की त्यांनी दुसऱ्या एका विभागातून उसनं आणून दिलं. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, आटोपल्यावरची सकाळ ठरली. मी अंधारातच समाजमंदिर उघडलं, नळ्या मांडल्या, बर्फाचा डबा ठेवला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं त्या दिवशी गावात नेमकी दोन मळणीयंत्रं आली होती. माणसं खळ्यावर जाणार, इकडे कोण येणार, असं म्हणत मी दाराकडे पाठ करून बसले. सारखं दाराकडे बघणं मला सोसत नव्हतं.

पाठीमागून पावलं वाजली. मोठी आई होती. आली ती थेट खुर्चीत बसली, बाही वर केली, दंड पुढे ठेवला आणि म्हणाली, "काढ."

तिच्यामागे लोक होते. आंघोळ करून, उपाशी, थंडीत शाली लपेटून आलेले. जे पहिल्या वेळी आले होते ते आलेच, पण पहिल्या वेळी सुईला भिऊन पळालेलेही आले. मळणीवाल्यांना त्यांनी थांबवून ठेवलं होतं. आणि प्रत्येक जण आधी पायातली चप्पल काढून तळवा वर करून दाखवत होता. मी मागितलं नव्हतं तरी. "पाय, कोरा करकरीत," एक जण म्हणाला आणि सगळे हसले.

प्रश्न विचारायला लागले तेव्हा मात्र मला घाम फुटला. गावानं ठरवलंच होतं की या वेळी काही म्हणून लपवायचं नाही. काही आजार? तर एकीनं दात दुखल्यापासून सुरुवात केली आणि सासूच्या बोलण्यानं डोकं दुखतं इथवर आली. एकानं लग्नाच्या वरातीत मोडलेलं बोट दाखवलं. एका आजीनं विचारलं, "जांभया येतात, ते लिवतेस का?" मी सगळं लिहिलं. ज्यांना खरोखर खोकला किंवा ताप होता त्यांना बरे झाल्यावर यायला सांगितलं, तर ते रुसले. बाबा दारात उभे राहून त्यांची समजूत घालत होते. आपलंही रक्त चालत नाही, हे ते आता मोठेपणानं सांगत होते.

त्या सकाळी मला माझ्या गावाचा जो अभिमान वाटला तो मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. या लोकांना माझ्या प्रबंधातून औषध मिळणार नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, नावही छापून येणार नव्हतं. भीती मात्र भरपूर मिळाली होती. तरी ते आले.

आकडे आले तेव्हा सरांनीच मला हाक मारली. गावचं प्रथिन खाली उतरलं होतं. सगळ्यांचं नाही, काही जण वरच राहिले, माणसं म्हटल्यावर तेवढं असायचंच. पण रुग्ण एका बाजूला आणि माझं गाव दुसऱ्या बाजूला, हे आता कुणालाही दिसलं असतं. जनुकातल्या त्या एका अक्षराचा संबंध मात्र मला वाटला होता तेवढा ठळक निघाला नाही. अंधूक होता, आणि अंधूक आहे असंच मी लिहिलं. सरांनी एक गोष्ट स्वतःहून केली. आमच्या प्रश्नावलीत ऋतू, शेतीचं काम आणि पायांची अवस्था हे प्रश्न कायमचे घातले. आता आमच्या इथून जो कुणी धानपट्ट्यात रक्त घ्यायला जातो तो आधी विचारतो, चिखल्या आहेत का? नागपूरची, पुण्याची पोरं तो शब्द चाचरत म्हणतात. मला ऐकायला फार गोड वाटतं.

ही बातमी घेऊन मी गावी गेले. मोठी आई चुलीपुढे होती. मी दारातूनच ओरडले, "मोठी आई, आपलं गाव बाद नाही झालं! साऱ्यांचं उतरलं!"

"साऱ्याइचं?"

"जवळपास साऱ्यांचं."

ती फुंकणी हातात धरून तशीच राहिली. मग हळू विचारलं, "अन् माहं?"

नियम असा की एकट्याचा आकडा कुणाला सांगायचा नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तिची पाटल्यांखालची मनगटं वाळली होती. हे आधी कसं दिसलं नाही मला? त्या सभेत मी घसा फोडून सांगितलेलं साऱ्या गावाला पटलं होतं आणि समोर पहिल्या रांगेत बसलेल्या या बाईला पटलंच नव्हतं. दिवाळीनंतर आशाताई तिच्याही दारात थांबली त्या सकाळपासून ही बाई आपल्याला मोठ्या बाबांचंच दुखणं झालंय असं धरून बसली होती. कुणाला बोलली नव्हती, पण धास्तीनं तिचं जेवण तुटलं होतं.

"उतरलं," नियम मोडून मी खरं तेच सांगितलं. "तुहंही उतरलं. चिखल्याच होत्या त्या. अन् उद्या भंडाऱ्याला जाऊन पोटही दाखवून येऊ, तुह्या मनाचं समाधान होऊ दे."

तिनं पदरानं तोंड पुसलं. धूर होता की काय होतं, मी विचारलं नाही.

"तुले वाटलं होतं का तुले निंगालं?"

"हो."

"मंग सगळ्याइच्या आधी येऊन बसली काहून?"

"मी नाई आली असती तं कोन आलं असतं वं? लोक म्हनले असते, घरचीच बाई भेली." तिनं चुलीत लाकूड सारलं. "मले का व्हायचं ते होऊन गेलं असन, म्हनलं. पन माहं रगत पायजे होतं ना तुले."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. ती एका हातानं माझ्या पाठीवर थोपटत होती आणि दुसऱ्या हातानं भाताला ढवळत होती. मग तिनं दोन ताटं घेतली, स्वतःला भरपूर भात वाढला आणि जेवायला बसली.